दुसऱ्या खेपेचं पातं

सुनंदावहिनी मागच्या महिन्यात गेल्या. तेराव्याचं जेवण बंदराशेजारच्या मिरकरवाड्यात त्यांच्या घरीच होतं. पानावर बसले खरी, पण घास उतरेना. शेजारी बसलेली त्यांची भाची म्हणाली, "जेवा ओ बाई. आत्याला पानात टाकलेलं आवडायचं नाय." मी जेवले. घरी येऊन पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि सायकलच्या ट्यूबच्या रबरात गुंडाळलेलं एक पोलादी पातं काढून टेबलावर ठेवलं. बोटाएवढंच आहे ते. ज्या एका बाईच्या दृष्टीला पडू नये म्हणून इतकी वर्षं मी ते पर्समध्ये वागवलं, ती बाईच गेली. माझ्या सुनेला या पात्याचं फार नवल. "आई, बाजारात जाताना तुम्हाला सुरा कशाला लागतो?" म्हणून विचारते. तिला काय सांगणार!

तर आता वहिनींच्या यजमानांबद्दल, शिवलकर सरांबद्दल लिहायला हरकत नाही. सर त्यांच्या कितीतरी आधी गेले. वहिनी असताना लिहिलं असतं तर सर जिथे असतील तिथून माझ्याशी बोलायचे बंद झाले असते.

शाळेत मी मराठी शिकवायची, ते विज्ञान. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना लागून होती, त्यामुळे त्यांचा डबा, त्यांची शिंक आणि त्यांची मतं या तिन्हींपासून सुटका नसे. बुटका, काळासावळा माणूस. अर्ध्या बाहीचा खिसेवाला शर्ट, पायांत जरासा फेंगडेपणा. "हे पाय माझे नाहीत बाई, आमच्या पूर्वजांचे आहेत. पिढ्यान् पिढ्या होडीत उभे राहून असे झाले," असं तेच सांगत. त्यांचे वडील खलाशी. त्यांनी मुलाला कधी होडीवर चढू दिलं नाही. पोरगं किनाऱ्याकडे फिरकलं की काठी घेऊन मागे धावत. त्या काठीच्या धाकाने घराण्यातला पहिला पदवीधर तयार झाला, हेही सर मोठ्या अभिमानाने सांगत.

आणि या माणसाच्या कमरेला हत्यार असायचं. शाळेत नव्याने रुजू झालेल्याला ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागे. पट्ट्याला रेक्झिनची म्यानासारखी पिशवी आणि तिच्यात ते. दुकानदार त्याला मल्टिटूल म्हणतात. सर हत्यारच म्हणायचे. मिटलेलं असताना हातात मावेल एवढं, उघडलं की पक्कड, आणि मुठीतून एकेक काय काय निघे: स्क्रू ड्रायव्हर, कानस, डबा फोडायचं, गाठ सोडवायचा टोच्या. वर्गातला पंखा कुरकुरला, बाकाचा खिळा वर आला, कोणाच्या दप्तराची चेन अडकली, कोणाचा चष्मा सैल झाला की मुलं सरांकडे. मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी दवाखान्यासारखी रांग लागायची. माझ्या छत्रीच्या काड्या त्यांनी इतक्या वेळा बसवल्या होत्या की मूळ छत्रीतलं फक्त कापड शिल्लक होतं.

"घरी आहे की हे सगळं," मी एकदा म्हटलं, "मग रोज कमरेला बांधून कशाला आणता?"

"घरी असून काय उपयोग ओ बाई? जवळ नाही ते नाहीच."

हे त्यांचं ब्रीद. मुलाने "सर, वही घरी राहिली" म्हटलं की हेच. हेडमास्तरांनी "ग्रँट मंजूर आहे, फक्त यायची आहे" म्हटलं तरी हेच. जवळ नाही ते नाहीच. कंटाळा यायचा ऐकून. आता वाटतं, पुन्हा एकदा कोणी तसं म्हणावं.

देवधर्माशी त्यांचं वैर नव्हतं, पण दृष्ट, शकुन, बाधा म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. शाळेत नवे कॉम्प्युटर आले तेव्हा हेडमास्तरांनी त्या खोलीच्या दारावर लिंबू-मिरची टांगली. सरांनी हत्यार काढलं, पातं उघडलं, दोरा कापला आणि लिंबू घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले. शिपाई गोविंदाने पोहे आणले होते. सरांनी ते लिंबू चिरून सगळ्यांच्या पोह्यांवर पिळलं. "घ्या, दृष्ट काढली. आता व्हिटॅमिन सी खा." हेडमास्तरांच्याही बशीत दोन थेंब पडले आणि त्यांनी ते मुकाट्याने खाल्ले. त्यानंतर दर शनिवारी नवं लिंबू लागायचं आणि दर शनिवारी गोविंदा पोहे आणायचा. हेडमास्तरांनी हा तह कधी मान्य केला ते आम्हाला कळलंच नाही.

पण एवढं हत्यार बाळगूनही शनिवारचं लिंबू सोडलं तर पातं ते फार क्वचित उघडत. एकदा दापोलीकडे सहल नेली होती. बुरोंडीहून परत निघालो आणि सायली नावाच्या मुलीची वेणी बसच्या सीटच्या सांध्यात अशी काही अडकली की तिला मान हलवता येईना. गुडघ्याशी टेकेल एवढी वेणी, तिचा जीव की प्राण. पोर रडायला लागली. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. मी म्हटलं, "सर, कापा थोडीशी, उशीर होतोय." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची मानच कापा म्हटलं होतं. मग ते सीटखाली आडवे झाले आणि गंजलेले स्क्रू एकेक करून काढत बसले. बस रस्त्याच्या कडेला उभी, मुलं करवंदाच्या जाळीत पांगलेली, ड्रायव्हर बिड्या ओढतोय आणि सरांचे फक्त फेंगडे पाय दिसताहेत. शेवटी सीट उचकटली, वेणी सुटली. एक केस तुटला नाही.

"कापायला काय लागतं बाई?" शर्टाची धूळ झटकत ते म्हणाले. "कापलं की संपलं. सोडवलं तर दोन्ही बाजू शाबूत राहतात. पातं सगळ्यात शेवटी."

मी हे वाक्य तेव्हा फळ्यावर लिहून मुलांना कल्पनाविस्तार करायला दिलं होतं. सरांना ते फार आवडलं. नंतर त्याच वाक्याने त्यांना किती छळलं ते मी पाहिलं आहे.

त्यांना एकच मुलगा, ओंकार. आमच्याच शाळेत शिकला. डिप्लोमा केला, मुंबईला एका कंपनीत लागला आणि दोन पावसाळे काढून परत आला. मामाच्या मासेमारीच्या ट्रॉलरवर जायचं म्हणाला. मामा म्हणजे सुनंदावहिनींचा भाऊ रघुनाथ, बोट चालवणारा तांडेल. वहिनींच्या माहेरी सगळे दर्यावरचेच, त्यामुळे त्यांना तितकं वावगं वाटलं नाही. सरांना मात्र घाव बसला. त्यांच्या वडिलांनी काठी घेऊन जो दर्या पोराच्या मागून हाकलला, तो नातवाच्या वाटेने घरात परत आला होता. सर मुलाशी बोलेनात. स्टाफरूममध्ये डबा उघडायचे, मिटायचे. आम्ही विषय काढत नव्हतो.

आणि मग एके दिवशी सर पातळसं पुस्तक हातात असल्यासारखा मोबाइल धरून माझ्यापुढे आले. पडद्यावर तऱ्हेतऱ्हेची हत्यारं.

"बाई, दर्यावर जाणाऱ्या माणसाला यातलं कुठलं बरं पडेल?"

मला काय कळतंय त्यातलं! पण मला एवढं कळलं की बापाने होकार दिला आहे. तोंडाने तो देणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते हत्यार निवडायला बसले होते. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत आमच्या स्टाफरूमची प्रयोगशाळा झाली होती. सरांनी एक मागवलं, परत केलं, दुसरं मागवलं, परत केलं. कुरियरवाला पोऱ्या त्यांना लांबूनच हात जोडायला लागला. अटी तरी किती! एका हाताने उघडलं पाहिजे, कारण दर्यावर दुसरा हात धरायला लागतो. ओल्या हाताने उघडलं पाहिजे. म्हणून आम्हा सगळ्यांना साबणाच्या पाण्यात हात बुडवून, डोळे मिटून, डाव्या हाताने ते उघडायला लावलं. पीटीच्या सरांना जमलं नाही, ते दिवसभर फुरंगटून होते. चित्रकलेच्या बाईंना जमलं, पण बोट कापून घेतलं. गंजता कामा नये, म्हणून खिडकीत माझ्या मनीप्लांटशेजारी खाऱ्या पाण्याची बरणी आणि तिच्यात बुडवलेलं हत्यार. फार जडही नको. "जड झालं की माणूस घरी ठेवतो. आणि घरी ठेवलं की..."

"जवळ नाही ते नाहीच," आम्ही सगळे एका सुरात.

शेवटी जे पसंत पडलं, त्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्याचे सगळे भाग सुटे होते. पातं, कात्री, टोच्या, स्क्रूची टोकं, एकेक भाग बटण दाबून काढायचा, दुसरा बसवायचा. एक खराब झाला तरी बाकीचं वाया जात नाही. या सुटेपणाचीच सरांना धास्ती होती. "हवं तेव्हा सुटलं पाहिजे बाई, पण नको तेव्हा निसटता कामा नये." म्हणून त्यांनी पातं बसवलं, ते दाराच्या कडीत अडकवलं आणि मुठीला पाण्याने भरलेली बादली टांगली. मधली सुट्टी संपेपर्यंत बादली लोंबकळत होती. पातं जागचं हललं नाही. बटण दाबल्याबरोबर मात्र टिचकी वाजवावी तसं अलगद हातात आलं. सरांचा चेहरा असा फुलला होता की पीटीचे सरसुद्धा हसले. हे झालं, म्हणाले, हे ओंकारचं.

नारळी पौर्णिमेनंतर ट्रॉलर निघायचा होता. निघायच्या दिवशी सरांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. नारळीभात झाला. मग सरांनी ओंकारच्या हातात खोका ठेवला. पोराने उघडून पाहिलं, एकेक भाग लावला, काढला. त्याच्या तोंडावर हसू मावेना. इतक्या महिन्यांच्या अबोल्यानंतर बापाकडून आलेली ती पहिली वस्तू होती.

वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, पातं बघितलं आणि जागीच थांबल्या. "पहिल्या खेपेला घरातनं धार द्यायची नाय," त्या म्हणाल्या. "आमच्यात नाय देत. दर्याला पसंत पडत नाय. पहिली खेप सुखरूप करून आला का मग द्या. तवर बोटीवर काय असंल ता वापरील."

"दर्याला काय कळतं गो, कोणाच्या खिशात काय ते?" सर हसले. "तपासनीस आहे काय तो?"

"हसू नका. माझ्या बापाशीनं पण पाळलेलां."

"तुझ्या बापाशीला विज्ञान नव्हतं."

"द्या तर मग. तुम्हा शिकलेल्यांपुढं मी काय बोलणार!" असं म्हणून त्या आत गेल्या. भांडी जरा जोरात वाजली. सरांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. लिंबाच्या वेळी मिचकावत तसेच.

त्यांच्यात आई निरोप द्यायला जेटीवर जात नाही. वहिनी उंबऱ्याशीच थांबल्या. आम्ही तिघं उतरून खाली गेलो. सर, ओंकार आणि मी. जेटीवर बर्फाच्या लाद्या चढत होत्या, जाळ्यांचे ढीग, डिझेलचा वास, माणसांची आरडाओरड. ओंकारने हत्यार पट्ट्याला दोरीने बांधलं होतं. बापानेच शिकवलेली गाठ. बोटीकडे पाऊल टाकणार तेवढ्यात सर म्हणाले, "आण बघू जरा इकडे."

त्यांनी बटण दाबलं. टिचकी वाजली. पातं हातात आलं आणि त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं.

ओंकार बघतच राहिला. मीही. "पप्पा, तुम्ही पण?"

"दुसऱ्या खेपेला लावू," सर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "टोच्या आहे, पक्कड आहे. तोवर भागेल." मग माझ्याकडे वळून, ओशाळं होत, "हसू नका बाई."

मी हसले नाही. आयुष्यभर ज्या गोष्टी त्या बुद्धिवादी माणसाने चिरून पोह्यांवर पिळल्या, त्यातली एक त्याने आज पोरासाठी पदरात घेतली होती. न जाणो, खरं असलं तर? एकुलत्या एका पोराच्या बाबतीत 'न जाणो' म्हणायचा हक्क बापाला नाही तर कोणाला?

"मम्मीला सांगू नको हां," सर म्हणाले. "वर्षभर ऐकवील मला."

ओंकार खो खो हसला. "मम्मी जिंकली!" म्हणाला, वाकून बापाच्या पाया पडला, माझ्याही पडला आणि उडी मारून बोटीवर गेला. बोट लांब जाईपर्यंत सर उभे होते. हात खिशावर होता.

त्या खेपेतून ओंकार परत आला नाही. म्हणजे आणला गेला.

बातमी शाळेत आली तेव्हा सर नववीच्या वर्गावर होते. आम्ही सगळे त्यांच्याबरोबर जेटीवर गेलो. तिथलं मी लिहीत नाही, लिहिता यायचं नाही. रघुनाथमामा सरांच्या गळ्यात पडून रडत होता आणि रडता रडता सांगत होता. जाळं सोडताना दोराचा फास पायात बसला, पोर जाळ्याबरोबर पाठीमागून पाण्यात गेला. इंजिन बंद केलं, जाळं ओढायची विंच उलटी फिरवली, पण वर येईतो सगळं संपलं होतं. "घाबरला नव्हता ओ भावोजी," मामा म्हणाला. बिचाऱ्याला धीर द्यायचा होता. "शेवटपर्यंत झटला. हत्यार काढलेलां त्यानं, पक्कड उघडी होती. दोराला पक्कडीचे दात बसलेले मी बघितले. पातं तेवढां पाण्यात निसटलां वाटतं."

त्याने हत्यार सरांच्या हातात दिलं. पात्याची जागा रिकामी होती. सरांनी तिथल्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबलं. बटण नीट चालत होतं. मग त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

बाराव्याला आम्ही घरी गेलो होतो. ओटीवर माणसं बसली होती. वहिनी आतून आल्या. रडून रडून त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्या सगळ्यांदेखत सरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी नको म्हटलेलां. म्हटलेलां का नाय? यांनी धार दिली. दर्यानं आधी धार काढून घेतली, मग माझा पोर घेतला."

पीटीचे सर न राहवून म्हणाले, "पण पातं निसटेल कसं? सर, आपण बादली लटकवली होती त्याला."

"निसटलं," सर म्हणाले.

मी तोंड उघडलं. देवाशपथ, मी बोलणार होते की नाही, धार दिली नाही यांनी, तुमचंच ऐकलं. सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, काही नाही, नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

पुढे सर पुन्हा शाळेत येऊ लागल्यावर एकदा प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विषय काढला. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. ज्या बाईचा शब्द त्यांनी पाळला, तीच त्यांना पोराचा मारेकरी म्हणत होती, आणि हे खाली मान घालून ऐकत होते.

"तुम्ही त्या दिवशी जेटीवर काही पाहिलं नाही बाई," ते म्हणाले.

"का म्हणून? तुम्ही तिचं ऐकलंत म्हणून सांगा ना!"

"आणि मग? तिचं ऐकलं म्हणून पातं नव्हतं, हे तिला कळेल. पातं असतं तर..." ते थांबले. "आता ती माझ्यावर राग धरते. धरू दे. हे कळलं तर तो राग ती स्वतःवर धरेल. तिला नाही पेलायचा."

"पातं असतं तरी काही झालं नसतं. एवढ्याशा वेळात काय कापणार पोर?"

सरांनी स्टूलवर बसून बर्नरची नळी हातात फिरवली. "शक्यता कमी होती," मग विज्ञानाच्या शिक्षकाच्या आवाजात म्हणाले. "शून्य नव्हती, बाई." आणि थोड्या वेळाने, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच, "मला वाटलं, सोडवेल. टोच्या होता."

मी तोंड फिरवून ढसाढसा रडले. त्यांनी माझ्यासाठी नळाचं पाणी आणून दिलं.

त्यानंतरचे सर मला आठवायला नको वाटतात, पण आठवतात तेच. कमरेचं हत्यार गेलं. पंखा कुरकुरला की "गोविंदाला सांगा" म्हणायचे. मधल्या सुट्टीतली रांग हळूहळू बंद झाली. एका शनिवारी कॉम्प्युटरच्या खोलीवर नवं लिंबू लागलं, गोविंदा सवयीने पोहे घेऊन आला आणि बशी हातात धरून सरांची वाट बघत राहिला. सर दारापर्यंत गेले, वर पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे." पुढच्या शनिवारपासून हेडमास्तरांनीच लिंबू लावायचं सोडून दिलं. वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलाला ते आता "उद्या आण बाळा" म्हणत. मुलांना वाटायचं, सर मवाळ झाले.

वहिनी त्यांच्यासाठी स्वयंपाक करत, डबा भरून देत, औषधाच्या वेळा सांभाळत. पण आपणहून बोलत नसत. दर नारळी पौर्णिमेला मिरकरवाड्यातले सगळे दर्याला नारळ वाहायला उतरायचे. वहिनी नारळ स्वतःच्या हातात घेत आणि सरांना म्हणत, "तुम्ही हात लावू नका." सर चार पावलं मागे उभे राहत. मी एकदा तिथे होते. गर्दी वाजतगाजत पुढे चाललेली, आणि हा माणूस वाळूत मागे उभा, एक हात शर्टाच्या खिशावर ठेवून. बघणाऱ्याला वाटावं, छातीत दुखतंय. पातं कायम तिथेच असायचं, सायकलच्या ट्यूबच्या रबरात गुंडाळलेलं. शर्ट बदलला की ते दुसऱ्या शर्टात जायचं. वहिनी कपडे धुवायला नेण्याआधी सर स्वतः खिसे रिकामे करत, एवढी वर्षं, न चुकता. दुसरी खेप यायची नव्हती, पण जवळ होतं.

निवृत्तीनंतर खरंच छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन ठरलं. मी सकाळी इस्पितळात भेटायला गेले तेव्हा वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. सर खाटेवर बसून माझी वाटच बघत होते.

"बरं झालं आलात. आता ते लोक माझे कपडे काढून तिच्या हातात देतील," ते म्हणाले आणि खिशातून ती रबरी पुडी काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही, चादरीवर ठेवली. "धारेची वस्तू आहे. उचलून घ्या." आणि तेच ओशाळं हसू, "हसू नका बाई."

मी ती उचलून पर्समध्ये टाकली, चेन लावली. त्यांनी पर्सकडे एकदा पाहिलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तेवढ्यात वहिनी आल्या.

मग त्यांना तो हिरवा झगा घातला आणि ढकलगाडीवर घेतलं. वहिनी त्यांचा शर्ट घडी करत उभ्या होत्या. सवयीने त्यांनी खिसा चाचपला. रिकामा होता. चष्मा त्यांच्या दुसऱ्या हातात होता. गाडी दाराकडे निघाली आणि मी पाहिलं, सरांचा उजवा हात छातीवर आला होता आणि त्या झग्यावर, जिथे खिसा असायचा तिथे, चाचपडत होता. पुन्हा पुन्हा.

"काय शोधतायत ओ ते?" वहिनींनी मला विचारलं.

"चष्मा असेल," मी म्हटलं.

"चष्मा तर माझ्याकडं हाय!" वहिनी शर्ट माझ्या अंगावर टाकून धावल्या. नर्स म्हणत होती, आत काही न्यायचं नाही. वहिनींनी ऐकलं नाही. त्यांनी चष्मा सरांच्या तळहातात ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाकून, स्वतःच्या हाताने त्यांची बोटं त्यावर मिटवली. "ह्यो घ्या. जवळ असू दे."

सरांनी वहिनींकडे पाहिलं. मग चष्मा मुठीत घट्ट धरला, आणि हाच शोधत होतो अशी मान हलवली. गाडी आत गेली आणि दार लागलं.